सहाव्या दिवसाची जीभ

ताई, तुमची तेरवी काल झाली. आज सकाळपासून अंगणात खरकटी भांडी तशीच पडली आहेत आणि मला उठवत नाही. तुमचे भाऊ कापसाच्या जिनात कामावर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पडून राह्य थोडी." पडले, पण डोळा काही लागेना. म्हणून ही वही घेतली. अक्षरं तुम्हीच शिकवलीत, तेव्हा चुका झाल्या तर बोल तुम्हालाच लागेल.

तुमचं मोठेपण सांगायला मी बसलेली नाही. ते काल गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगून झालं. एकानं तर डोळे पुसत भाषण केलं की अशी सेवाभावी बाई या सिंदी गावात पुन्हा होणे नाही. तुम्ही ऐकलं असतं तर म्हटलं असतं, "याच्या बायकोला मी तीन वेळा एनिमा दिला, तेव्हा हाच मला पाहून रस्ता बदलायचा." मला हसू आलं, ताई. तेरवीच्या दिवशी पदराआड तोंड घालून हसले आणि बायांना वाटलं मी रडते आहे.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही इथं नव्हतातच. थोरली नणंद विधवा आहे, वर्ध्याकडे एका आश्रमात राहते, माती-पाण्यानं रोग बरे करायची विद्या शिकते, एवढंच कानावर होतं. मग एक दिवस तुम्ही बैलगाडीतून उतरलात. सोबत पत्र्याचा एक टब, एनिमाचं भांडं, खादीचं बोचकं आणि ती आश्रमातली शुद्ध भाषा. राग आला की मात्र भाषा बदलायची, गावची व्हायची. तेव्हा समजायचं की आता ताई आपल्या मुक्कामावर आल्या.

पहिलं भांडण आपलं एकादशीवरून झालं. मी साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी असं सगळं मन लावून केलं होतं. तुम्ही ताटाकडे पाहिलं आणि म्हणालात, "याला तू उपास म्हणतेस? हे पोटावर दोन दिवसांचं ओझं आहे."

"देवाले चालते, ताई. तुमाले काऊन नाई चालत?"

"देवाला जठर नाही, कमल. तुला आहे."

त्या दिवशी मी रागानं दोघींच्या वाटची आमटी एकटीनं प्यायले. रात्रभर पोट दुखलं आणि तुम्हाला ते कळू नये म्हणून कण्हलेसुद्धा नाही.

तुमचं म्हणणं साधं होतं. रोज चूल पेटते, रोज राख होते, पण आपण राख रोज काढतो. पोटाची राख कुणी काढत नाही. चार दिवस चूल बंद ठेवा, शरीर आपणच झाडायला घेतं. घाण निघायला लागली की जिभेवर पांढरा थर येतो, तोंडाला वास येतो, डोकं धरतं. थर गेला, जीभ गुलाबी झाली, की समजायचं आत स्वच्छ झालं. तोवर उपास सोडायचा नाही. हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलं की मला झोपेतही म्हणून दाखवता येईल. गावात मात्र कुणी ऐकायला तयार नव्हतं. दोन वर्षं तो टब मागच्या खोलीत कोरडाच होता. बाया म्हणायच्या, जेवू न घालता बरं करते म्हणे, हे तर आमची सासूही करते.

मग माझ्या अंगावर पित्त उठायला लागलं. संध्याकाळ झाली की पाठीवर, मांड्यांवर या एवढाल्या गांधी. वर्ध्याच्या डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, तेवढ्यापुरतं जायचं, पुन्हा यायचं. तुम्ही माझ्यापाशी येऊन बसलात. एरवी हुकूम सोडणाऱ्या तुम्ही, पण त्या दिवशी विचारलंत, "सात दिवस देशील मला?" खरं सांगू, मी पित्तासाठी हो म्हटलं नाही. तुम्ही असं कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

पहिले तीन दिवस मी इमानानं काढले. लिंबू पिळलेलं पाणी, पोटावर काळ्या मातीची पट्टी, सकाळी तो एनिमा, जो माझ्या वैऱ्यालाही मिळू नये. आणि रोज उन्हं आली की दारात उभं राहून तुम्हाला जीभ दाखवायची. तिसऱ्या दिवशी मला भोवळ आली, ओकारी आली. तुम्ही कपाळावर हात ठेवून म्हणालात, "घाण हलते आहे. घाबरू नकोस." मी घाबरले नव्हते. मला भूक लागली होती.

चौथ्या दिवशी वेचणी होती. वावरात बाया कापूस वेचायला गेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी पाण्याची घागर घेऊन जायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही म्हणालात, "जा, हवा लागेल. पण त्यांच्यात बसू नकोस." मी बसले. मैना होती ना आपल्याकडे वेचणीला, घरी गोंडी बोलणारी, तिनं वावराच्या कडेला धुऱ्यावर भाकरीचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी.

"काऊन वं बाई, तोंड असं सुकलं? घे, खा."

"उपास आहे."

"कोनत्या देवाचा?"

"देवाचा नाई."

"मंग कायले?" तिनं विचारलं, आणि मी हात पुढे केला. दीड भाकर खाल्ली, ताई. चटणी बोटानं पुसून खाल्ली. पाचव्या दिवशी पुन्हा घागर घेऊन गेले, सहाव्या दिवशी आणि सातव्याही दिवशी. मैनानं कुणाला सांगितलं नाही. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसेल.

सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि ओरडलात, "गेला! थर गेला, कमल! पाहा, कशी गुलाबी झाली आहे!" दोन दिवस जाडीभरडी भाकर चावून खाल्ल्यावर कुणाचीही जीभ साफ होईल. पण तुम्हाला ते कसं कळावं? तुम्ही भावाला आंघोळीवरून अर्धवट भिजलेल्या अंगानं बोलावून आणलं. शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारली. मी बैलबाजारातल्या बैलासारखी उभी आणि सगळ्या वाकून वाकून माझ्या तोंडात पाहताहेत. तुम्ही हसत होतात आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जीभ बाहेर काढलेल्या माणसाला खरं कसं बोलता येणार, सांगा. आत घेतली तेव्हा वेळ निघून गेली होती.

आणि कहर म्हणजे पित्तही गेलं. का गेलं ते मला आजही माहीत नाही. तुमच्या मातीनं गेलं असेल, तीन दिवसांच्या खऱ्या उपासानं गेलं असेल, नाहीतर जायचंच होतं म्हणून गेलं असेल. पुन्हा कधी उठलं नाही एवढं खरं.

त्यानंतर बाया येऊ लागल्या. मागची खोली भरू लागली, टब कोरडा राहीना. मी काही आंधळी नाही, तुमच्या हातानं माणसं बरी झालेली मी पाहिली आहेत. गळवांनी बेजार झालेली ती सुताराची पोर, रोज खाऊन खाऊन धाप लागणारी पाटलीण, वर्षानुवर्षं पोट साफ न झालेल्या कितीतरी. खाणं थांबवून, पाणी पाजून, दोन गोड शब्द बोलून तुम्ही त्यांना घरी पाठवायचात. गावातली बाई कधी कुणापुढे दुखणं बोलायची नाही, ती तुमच्यापुढे बोलायची. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण प्रत्येकीला तुम्ही सांगायचात, "माझ्या भावजयीला विचारा. सहाव्या दिवशी जीभ साफ!" आणि मी चुलीकडे तोंड करून उगाच फुंकणी फुंकत बसायची.

सांगायचं मनात यायचं. एकदा अगदी ओठावर आलं होतं. एका अशक्त बाईला तुम्ही पाच दिवस उपासावर ठेवलंत तेव्हा मी म्हटलं, "ताई, उपासानं सगळंच बरं होत नसते." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलं! "तू बोलून राह्यली हे? तू?" भाषा बदलली होती, म्हणजे राग खरा होता. मी पुन्हा फुंकणी उचलली. नंतर तुम्ही आपण होऊन जवळ आलात आणि पहिल्यांदाच सासरचं बोललात. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि सासूनं एक वेळचं जेवण बंद केलं, ते कसं, ते सांगितलंत. "त्यांनी मला उपाशी ठेवलं, कमल. आता मी उपास करते. यातला फरक तुला नाही कळायचा." कळत होता हो. कळत होता म्हणून तर दातखीळ बसली होती माझी.

या वर्षी पोळा झाला आणि तुमच्या बरगडीखाली दुखायला लागलं. अन्न ठरेना. अंगावरची खादी सैल झाली. भाऊ म्हणाले वर्ध्याला जाऊ, तुम्ही म्हणालात दहा दिवसांचा उपास करते. कुणाचं ऐकलंत कधी? दहा दिवस झाले. सकाळी आरसा घेऊन दारात बसलात, जीभ पाहिलीत. पिवळट पांढरा थर, जसाच्या तसा. "अजून आहे," म्हणालात आणि आरसा खाली ठेवलात. अकरावा, बारावा. मी रोज तांदळाची पेज करत होते आणि रोज गुरांच्या पाण्यात ओतत होते.

चौदाव्या दिवशी मी वाटी घेऊन तुमच्या उशाशी बसले. "ताई, दोन चमचे. माझ्यासाठी."

"तुझी सहाव्या दिवशी झाली," तुम्ही म्हणालात. आवाज पार खोल गेला होता. "माझ्यात तीस वर्षांचं साचलं आहे. वेळ लागणारच."

"ताई, माझं ऐका. मी तेव्हा..."

तुम्ही माझं मनगट धरलं. हाताला काही वजनच नव्हतं. "तू करून दाखवलंस म्हणून मला धीर आहे," म्हणालात.

आणि मी वाटी उचलून स्वयंपाकघरात परत गेले. दुसरं काही केलं नाही, ताई. एक वाक्य बोलायचं होतं. सगळे मला बोलभांड म्हणून ओळखतात, विहिरीवर माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, आणि मला ते एक वाक्य बोलवलं नाही.

सोळाव्या दिवशी भाऊ तुम्हाला न विचारता गाडीनं जाऊन वर्ध्याहून डॉक्टर घेऊन आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि बाहेर ओसरीवर येऊन सांगितलं की आत गाठ आहे, जुनी आहे. जेवत असत्या तर? असं मी विचारलं. ते म्हणाले, काही महिने मिळाले असते, किंवा नसतेही मिळाले, सांगता येत नाही. या "सांगता येत नाही"नं मला फार थकवलं आहे, ताई. त्यांनी मला दोषी म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. अठराव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. तोंडात तुळशीचं पान मीच ठेवलं. तेव्हा जीभ पाहिली. तशीच होती.

आता कालचं सांगते. अंगणात बायांची पंगत बसली होती. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. तुम्ही पाहिलं असतं तर एकेकीला उठवून मातीत झोपवलं असतं. मी वरण वाढत होते. मागच्या गल्लीतल्या गोदामायनं माझा पदर धरला. तिची सून शेवंता, बाळंतपणापासून जिचे पाय आणि तोंड सुजतं, ती.

"कमल, आता ताई नाई, मंग तुलेच इचारतो. शेवंतीले आमी ताईसारखाच उपास धरवला. आज आठवा दिस हाये. थे जीभ काई साफ होऊन नाई राह्यली. तुई तं सहाव्या दिसी झालती न?"

"आठ दिवस?"

"काल उठता नाई आलं तिले. पन मी म्हनलं, जीभ साफ झाल्याबिगर सोडाचं नाई. ताईचं सांगनं हाये."

पळी माझ्या हातात होती. वरण पळीतून गोदामायच्या पत्रावळीबाहेर सांडत होतं आणि ती "बस बस" म्हणत होती. मी म्हटलं, "गोदामाय, मी उपास केलाच नोता."

"काय?"

"तीन दिस केला. मंग वावरात जाऊन रोज भाकर खाल्ली. जीभ भाकरीनं साफ झालती. ताईले मी सांगतलंच नाई."

सगळी पंगत थांबली. घास हातात घेतलेल्या बाया तशाच माझ्याकडे पाहत राहिल्या. पाण्याचा तांब्या घेऊन तुमचे भाऊ उभे होते, तेही तसेच. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे सात वर्सं ताई लोकाईले खोटं सांगत होती?"

माझं टाळकंच फिरलं. तुमच्या तेरवीचं जेवत होती ती बाई! "खोटं मी बोलली," मी ओरडले. "ताईच्या तोंडातून उभ्या जन्मात खोटं निंघालं नाई. त्या माह्या जिभेवर भरोसा ठेवून आरसा घेऊन बसून राह्यल्या आन तशाच गेल्या. आता तुमी शेवंतीले तसंच घालवता का?"

गोदामाय पानावरून उठली. तिनं हात धुतला नाही, तशीच वाटीत वरण-भात आणि बुंदी भरायला लागली, सुनेला नेऊन घालायला. मी तिचा हात धरला. आठ दिवसांच्या रिकाम्या पोटात ते गेलं असतं तर काय झालं असतं, ते मला तुम्हीच शिकवलं आहे. उपास धरणाऱ्याला काही होत नाही, सोडताना घात होतो, हे तुम्ही मला सांगत आलात आणि मी कंटाळून हो हो म्हणत आले. मी पातळ पेज केली, गाळून घेतली, चिमूटभर मीठ टाकलं आणि भरल्या पंगतीतून निघून गेले.

शेवंता भिंतीला टेकून बसली होती. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून तिनं मला पाहिलं आणि सवयीनं जीभ बाहेर काढली. ताई, मला तेव्हा जे रडू फुटलं ते तुम्ही गेलात तेव्हाही फुटलं नव्हतं. मी म्हटलं, "आत घे बापा. आत घे. कोनाले नाई दाखवाची आता." दोन चमचे पाजले. थांबले. तुम्ही सांगितलं होतं तसं शंभरपर्यंत मोजलं. पुन्हा दोन चमचे. दिवस मावळेपर्यंत तिच्याजवळ होते. तिचा नवरा आज सकाळच्या गाडीनं तिला वर्ध्याला घेऊन गेला आहे. काय होईल ते कळायला दोन दिवस लागतील.

घरी परत आले तर पंगत उठून गेली होती. तुमचे भाऊ ओट्यावर बसले होते. "खरंच खाल्ली होती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "तिले सांगाचं असतं." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गावात काय बोलतील ते मला ठाऊक आहे. ज्या बाया तुमच्या पायाशी बसून बऱ्या झाल्या, त्याच म्हणतील की ताईची विद्या फोल होती. तुमचं नाव उभं राहिलं माझ्यामुळे आणि काल ते पाडलंही मीच. मला तुमचाही राग येतो, हे लिहून ठेवते. तुम्ही जिभेत एवढं पाहिलंत, ताई, तर एकदा माझ्या डोळ्यांत का नाही पाहिलंत? त्यानंतर सात वर्षं एकाच घरात होतो. चुलीकडे तोंड फिरवणारी बाई काहीतरी लपवते, हे एवढ्या शहाण्या माणसाला कळू नये?

पण हा राग फार वेळ टिकत नाही. अंगात बळच नाही तेवढं. सकाळपासून मी विचार करते आहे की मला नक्की कशाची भीती होती. तुमच्या रागाची नव्हती. तो तर रोजचाच होता, मी त्याला भीक घालत नव्हते. तुम्हाला आयुष्यात कुणी काही दिलं नव्हतं. माझ्याकडून चुकून एक आनंद तुम्हाला मिळाला होता, आणि तो परत काढून घ्यायला माझा हात धजला नाही. त्याला माया म्हणावं की भ्याडपणा, ते तुम्हीच ठरवा. मला वाटतं दोन्ही.

काल सगळ्या पंगतीला सांगितलं. गोदामायला सांगितलं, तुमच्या भावाला सांगितलं. ज्या एका माणसाला सांगायचं होतं, तेवढं राहून गेलं. ताई, मी खाल्लं होतं.